कोलकाता : दूरचित्रवाणीचे प्रेक्षकमापन आणि ‘प्राइम टाइम’ची पाच दशके

दर गुरुवारी सकाळी कोलकात्यातील टॉलीगंज परिसरात एका आकडेवारीची वाट पाहिली जाते. आदल्या आठवड्यात कोणती बंगाली मालिका किती प्रेक्षकांनी पाहिली, याचे ते कोष्टक असते. पहिल्या क्रमांकावरील मालिकेस ‘बेंगॉल टॉपर’ म्हटले जाते आणि बंगाली वृत्तपत्रे तिची बातमी परीक्षेच्या निकालाप्रमाणे छापतात. या कोष्टकावर जाहिरातींचे दर, मालिकेची वेळ आणि अनेकदा मालिकेचे आयुष्यही ठरते. चित्रीकरण स्थळावरील प्रकाशयोजनाकार, वेशभूषा साहाय्यक आणि रंगभूषाकार यांचा पुढील महिन्याचा रोजगारही त्यावर अवलंबून असतो.

कोलकाता दूरदर्शन केंद्र ९ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. तेव्हापासून या महानगरातील सायंकाळचे वेळापत्रक कोणी आणि कशाच्या आधारे ठरविले, याचा इतिहास भारतातील दूरचित्रवाणीच्या इतिहासाशी निगडित आहे. तो महाराष्ट्रातील प्रेक्षकांपासूनही दूर नाही. मराठीत गेल्या काही वर्षांत घरोघरी पाहिल्या गेलेल्या काही मालिकांची मूळ कथा प्रथम कोलकात्यातील प्रेक्षकांसमोर आली होती.

राधा स्टुडिओतील आरंभ

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, तर कोलकाता केंद्र त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी कार्यान्वित झाले. बंगाली चित्रपटसृष्टीचे माहेरघर असलेल्या टॉलीगंज भागातील जुन्या राधा स्टुडिओत या केंद्राने आपले काम सुरू केले. १९८६ साली ते गोल्फ ग्रीन येथील नव्या वास्तूत गेले. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी दूरदर्शनवर जाहिरातींना प्रारंभ झाला.

त्या काळात प्रक्षेपण कृष्णधवल होते आणि ते सायंकाळच्या काही तासांपुरतेच मर्यादित होते. वाहिनी एकच असल्याने प्रेक्षकाला निवड नव्हती. संच चालू ठेवणे अथवा बंद करणे, एवढेच त्याच्या हाती होते. विजेच्या तुटवड्यामुळे तोही अधिकार अनेकदा त्याच्याकडे राहत नसे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढील काही वर्षांत भारनियमनाने कोलकातावासी त्रस्त होते. ऐन कार्यक्रमाच्या वेळी वीज जाणे हा नित्याचा अनुभव होता. उंच अँटेना उभारून सीमेपलीकडील बांगलादेश टेलिव्हिजनची नाटके पाहणारी कुटुंबेही पश्चिम बंगालमध्ये होती.

मोजणीपूर्वीचा प्रेक्षक

प्रारंभीच्या काळात प्रेक्षकसंख्येचा एकमेव नियमित आकडा म्हणजे परवान्यांची संख्या होय. रेडिओप्रमाणेच दूरचित्रवाणी संचासाठीही परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. परवान्यावरून संच किती आहेत हे समजत असे. त्या संचापुढे कोण बसले आहे आणि कार्यक्रम त्यांना आवडला की नाही, हे समजत नसे. शिवाय एका संचापुढे शेजारपाजारची दहा-पंधरा माणसे बसत. परवाना मात्र एकच असे.

ही उणीव प्रेक्षकांची पत्रे काही अंशी भरून काढीत. कोलकाता केंद्राचा ‘दर्शकेर दरबारे’ हा पत्रोत्तरांचा कार्यक्रम त्यासाठी ओळखला जाई. शीर्षकाचा अर्थ ‘प्रेक्षकांच्या दरबारात’ असा होतो. तक्रार, सूचना आणि प्रशंसा यांना तेथे जाहीर उत्तर मिळे. ही पद्धत शास्त्रशुद्ध मोजणीची नव्हती. पत्र लिहिणारा प्रेक्षक साक्षर, उत्साही आणि बहुधा शहरी असे. तथापि ‘का आवडले’ आणि ‘का आवडले नाही’ हे पत्रातून कळत असे. पुढे आलेल्या यंत्रांना ते सांगता आले नाही.

प्रेक्षकांची किंवा श्रोत्यांची नाराजी आकड्यांविनाही किती स्पष्टपणे व्यक्त होऊ शकते, याचे उदाहरण कोलकात्याने १९७६ साली पाहिले. महालयेच्या पहाटे चार वाजता आकाशवाणी कोलकात्यावरून प्रसारित होणारा ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम १९३० च्या दशकापासून बंगाली घरांत ऐकला जातो. त्यातील बीरेंद्रकृष्ण भद्र यांचे पठण श्रोत्यांच्या परिचयाचे होते. १९७६ साली त्यांच्याऐवजी लोकप्रिय अभिनेते उत्तमकुमार यांचा सहभाग असलेला नवा कार्यक्रम प्रसारित करण्यात आला. त्यावर श्रोत्यांनी इतका तीव्र निषेध नोंदविला, की आकाशवाणीला जुना कार्यक्रम पुन्हा सुरू करावा लागला.

या घटनेतून आणखी एक बाब लक्षात येते. ‘प्राइम टाइम’ म्हणजे सायंकाळी आठ ते अकरा, हे समीकरण सर्वत्र आणि सर्व दिवशी लागू पडत नाही. पहाटे चार ही वेळ जगातील कोणत्याही वेळापत्रकात गर्दीची मानली जात नाही. महालयेच्या दिवशी मात्र कोलकात्यात ती तशी असते. आज खाजगी बंगाली वाहिन्याही त्या पहाटे स्वतंत्र विशेष कार्यक्रम सादर करतात. १९८६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतही असेच घडले. मेक्सिकोत दुपारी बाराला सुरू होणारा सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकरा वाजता दिसे. २९ जून रोजीचा अंतिम सामनाही त्याच वेळी झाला आणि फुटबॉलवेड्या कोलकात्याने ती रात्र संचापुढे जागून काढली.

दिल्लीची वेळ आणि कोलकात्याची वेळ

१५ ऑगस्ट १९८२ रोजी उपग्रहाद्वारे ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. त्याच वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपणही आले. या निर्णयामुळे सायंकाळचे दोन भाग पडले. आधीचा भाग प्रादेशिक केंद्राकडे राहिला, तर रात्री साडेआठच्या सुमारास सर्व केंद्रे दिल्लीशी जोडली जाऊ लागली. जेवणानंतरचा, म्हणजे सर्वाधिक प्रेक्षकांचा काळ अशा रीतीने हिंदी व इंग्रजी कार्यक्रमांकडे गेला. बंगाली, मराठी, तमिळ आदी भाषांतील कार्यक्रमांना सायंकाळच्या अलीकडच्या तासांवर समाधान मानावे लागले.

या व्यवस्थेचा लाभही झाला. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’, त्यानंतरची ‘बुनियाद’ आणि ‘नुक्कड’ या मालिकांनी देशभरातील प्रेक्षकांना एकाच वेळी एकच कथा दाखविली. रविवारी सकाळी साडेनऊ वाजता प्रसारित होणारी ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली. त्यानंतर २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ आले. या दोन मालिकांनी रविवारची सकाळ हीच आठवड्यातील सर्वांत मौल्यवान वेळ बनविली. बंगालमधील चित्रपटकारांचाही या राष्ट्रीय पडद्याशी संबंध आला. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी १९८१ साली ‘सद्गति’ हा हिंदी चित्रपट तयार केला. त्यात ओम पुरी यांच्यासमवेत स्मिता पाटील आणि मोहन आगाशे या मराठी कलावंतांच्या भूमिका होत्या.

प्रादेशिक वेळेतही याच दशकात मोठा बदल झाला. जोछन दस्तिदार यांची ‘तेरो पार्बोन’ ही मालिका कोलकाता दूरदर्शनवर गाजली आणि बंगाली मालिकेला स्वतःची ओळख मिळाली. पुढे बंगाली चित्रपटसृष्टीत नावारूपास आलेले सव्यसाची चक्रवर्ती आणि इंद्राणी हलदार यांना प्रेक्षकांनी प्रथम या मालिकेत पाहिले. प्रादेशिक वेळेत सादर झालेली मालिका प्रायोजक मिळवू शकते, हेही त्यातून सिद्ध झाले.

प्रायोजक आले तसा मोजणीचा प्रश्न पुढे आला. जाहिरातीसाठी पैसे मोजणाऱ्यास ती किती जणांनी पाहिली हे जाणून घ्यायचे होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजार संशोधन संस्थांनी आणि दूरदर्शनच्या प्रेक्षक संशोधन विभागाने निवडक घरांत छापील रोजनिशी ठेवण्याची पद्धत अवलंबिली. कुटुंबातील सदस्यांनी कोणता कार्यक्रम पाहिला, त्याची खूण वेळेच्या रकान्यात करायची असे. या पद्धतीत स्मरणशक्तीवर भिस्त होती. अनेकदा आठवड्याच्या अखेरीस सर्व रकाने एकदम भरले जात. प्रसिद्ध कार्यक्रम लक्षात राहत आणि किरकोळ कार्यक्रम विसरले जात.

ईडन गार्डन्स आणि ध्वनिलहरींची मालकी

दूरदर्शनची एकाधिकारशाही संपुष्टात आणणाऱ्या घटनांपैकी एक घटना कोलकात्यात घडली. १९९३ साली बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. त्यावरून संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद निर्माण झाला. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. स्पर्धा मात्र पार पडली. २७ नोव्हेंबर १९९३ रोजी ईडन गार्डन्सवर झालेल्या अंतिम सामन्यात अनिल कुंबळे यांनी १२ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने वेस्ट इंडिजवर विजय मिळविला.

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी या प्रकरणी निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या खंडपीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. त्यांच्यावर सरकारची अथवा अन्य कोणाचीही मक्तेदारी असू शकत नाही आणि त्यांचा वापर लोकहितासाठी, सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली व्हावा, असे न्यायालयाने म्हटले. या निकालात प्रेक्षकाच्या माहिती मिळविण्याच्या अधिकारासही महत्त्व देण्यात आले. प्रसार भारती महामंडळ नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रत्यक्षात आले.

मेगा मालिकांचे आगमन

१९९० च्या दशकात केबलच्या तारा कोलकात्यातील गल्ल्यांमधून घरोघरी पोहोचल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झालेल्या झी वाहिनीने हिंदी प्रेक्षकवर्ग आकर्षित केला. शतकाच्या अखेरीस प्रादेशिक भाषांकडे लक्ष वळले. अल्फा बांगला १९९९ साली सुरू झाली. पुढे तिचे नाव झी बांगला झाले. ईटीव्ही बांगला २००० साली आली. २०१५ पासून ती कलर्स बांगला या नावाने ओळखली जाते. स्टार जलसाने ८ सप्टेंबर २००८ रोजी प्रक्षेपण सुरू केले. मराठी प्रेक्षकांना हा क्रम परिचित वाटेल, कारण अल्फा मराठी, ईटीव्ही मराठी आणि स्टार प्रवाह यांचा प्रवासही याच मार्गाने झाला.

दैनंदिन मालिका, म्हणजेच बंगालीत रूढ झालेल्या शब्दाप्रमाणे ‘मेगा सीरियल’, हे या काळाचे वैशिष्ट्य होय. दूरदर्शनवरील ‘जननी’ या मालिकेत ज्येष्ठ अभिनेत्री सुप्रिया देवी यांची भूमिका होती. अल्फा बांगलावर २००० साली सुरू झालेली रवि ओझा यांची ‘एक आकाशेर नीचे’ ही मालिका अनेक वर्षे चालली. याच वर्षी ३ जुलै रोजी हिंदीत स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या कार्यक्रमांचा प्रारंभ झाला. साप्ताहिक मालिकेची सवय मोडून रोज ठरावीक वेळी तीच पात्रे भेटण्याची सवय प्रेक्षकांना लागली.

वेळापत्रकाची काही तंत्रेही याच काळात पक्की झाली. लोकप्रिय मालिकेच्या लगेच नंतर नवी मालिका ठेवायची, म्हणजे आधीचा प्रेक्षक वाहिनी न बदलता बसून राहतो. दोन सबळ मालिकांच्या मध्ये एक दुबळी मालिका ठेवली तर तिलाही आधार मिळतो. प्रतिस्पर्धी वाहिनीवर विवाहाचा प्रसंग असेल, तर आपल्याकडे ‘महासंगम’ अथवा एक तासाचा विशेष भाग दाखवायचा. बंगाली वाहिन्यांनी सायंकाळची सुरुवातही अलीकडे ओढली. कालांतराने साडेपाच-सहा वाजल्यापासून रात्री अकरापर्यंत नव्या भागांची अखंड साखळी निर्माण झाली.

आकडा कसा तयार होतो ?

‘टीआरपी’ हा शब्द सर्वतोमुखी असला तरी त्याचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. निवडलेल्या घरांतील संचाला ‘पीपल मीटर’ हे यंत्र जोडलेले असते. कुटुंबातील प्रत्येक सदस्यास रिमोटवर स्वतंत्र कळ दिलेली असते. संचापुढे बसताना आणि उठताना ती दाबावयाची असते. कोणती वाहिनी चालू आहे हे यंत्र ओळखते. कोण पाहत आहे हे मात्र त्या कळीवरूनच समजते.

मूल्यांकनात केवळ डोकी मोजली जात नाहीत, तर पाहण्याचा कालावधीही धरला जातो. समजा, दहा व्यक्तींचा गट आहे आणि कार्यक्रम तीस मिनिटांचा आहे. दोघांनी तो पूर्ण पाहिला, आणखी दोघांनी पंधरा मिनिटे पाहिला आणि उरलेल्या सहा जणांनी पाहिलाच नाही. शक्य असलेल्या एकूण ३०० मिनिटांपैकी ९० मिनिटे पाहिली गेली. म्हणून मूल्यांकन ३० टक्के होते. त्याच अर्ध्या तासात सर्व वाहिन्या मिळून १८० मिनिटे पाहिली गेली असतील, तर या कार्यक्रमाचा ‘हिस्सा’ ५० टक्के ठरतो. मूल्यांकन सर्व लोकांच्या तुलनेत असते, तर हिस्सा केवळ त्या वेळी संच पाहणाऱ्यांच्या तुलनेत असतो. एकच कार्यक्रम एका जाहिरातीत ‘३०’ आणि दुसऱ्या जाहिरातीत ‘५०’ म्हणून मिरवू शकतो, तो यामुळेच.

नमुना लहान असल्यास चुकीची शक्यता वाढते. साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्रानुसार ४०० जणांच्या गटातून ५ टक्के मूल्यांकन निघाले, तर प्रत्यक्ष आकडा सुमारे ३ ते ७ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. अशा स्थितीत ५.१ मिळालेली मालिका ४.९ मिळालेल्या मालिकेपेक्षा खरोखरच अधिक पाहिली गेली, असे संख्याशास्त्र सांगत नाही. गुरुवारच्या कोष्टकात मात्र एक पहिली आणि दुसरी दुसरी ठरते.

अमित मित्र समिती आणि ‘बार्क’

१९९८ पासून टॅम मीडिया रिसर्च ही संस्था प्रेक्षकमापन करीत होती. तिच्या स्पर्धेत इनटॅम ही यंत्रणाही होती. २००१ साली मुंबईतील यंत्रे बसविलेल्या घरांची गोपनीय यादी फुटल्याचे उघड झाले आणि या क्षेत्राला पहिला मोठा धक्का बसला. कोणत्या घरात यंत्र आहे हे ज्ञात झाल्यास त्या घरावर प्रभाव टाकणे सोपे होते, ही भीती तेव्हापासून कायम आहे.

टॅमविरुद्धचा प्रमुख आक्षेप व्याप्तीविषयी होता. देशभरात सुमारे आठ हजार यंत्रे होती आणि ग्रामीण भाग मोजणीबाहेर होता. कोलकाता महानगरातील प्रेक्षकाची पसंती आकड्यांत उमटत होती. पुरुलिया अथवा सुंदरबनातील गावांमधील प्रेक्षकाची उमटत नव्हती. विदर्भातील आणि मराठवाड्यातील खेड्यांबाबतही हेच म्हणता येईल. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी कार्यक्रम तयार करण्याचे वाहिनीला आर्थिक कारण उरत नाही.

केंद्र सरकारने २०१० साली या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष फिक्कीचे तत्कालीन सरचिटणीस डॉ. अमित मित्र हे होते. यंत्रांची संख्या पाच वर्षांत तीस हजारांपर्यंत वाढवावी आणि ग्रामीण भागाचा समावेश करावा, असे समितीने सुचविले. त्यानंतर २०११ सालच्या निवडणुकीत डॉ. मित्र पश्चिम बंगाल विधानसभेवर निवडून आले आणि राज्याचे अर्थमंत्री झाले.

पुढील वर्षी कोलकात्याचे नाव आणखी एका कारणाने चर्चेत आले. केबल प्रक्षेपणाचे अनिवार्य अंकीयकरण पहिल्या टप्प्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे व्हावयाचे होते. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही वाढीव मुदत देण्यात आली होती. सर्व घरांत सेट टॉप बॉक्स पोहोचलेले नसल्याने पश्चिम बंगाल सरकारने मुदतीस विरोध दर्शविला. या संक्रमणकाळात काही आठवडे देशभरातील मूल्यांकनाची आकडेवारीच प्रसिद्ध झाली नाही.

प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून स्थापन केलेल्या ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल अर्थात ‘बार्क’ने एप्रिल २०१५ मध्ये आकडेवारी देण्यास प्रारंभ केला. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेली, मानवी कानाला न जाणवणारी खूण ओळखणे हे या पद्धतीचे तत्त्व आहे. ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण प्रेक्षकही मोजणीत आला. नमुना घरांची संख्या पुढे पन्नास हजारांच्या वर गेली.

तरीही विश्वासाचा प्रश्न सुटला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही वाहिन्यांवर मूल्यांकनात गैरप्रकार केल्याचा आरोप ठेवला. संबंधित वाहिन्यांनी आरोप नाकारले. २०२४ साली न्यायालयाने हा खटला मागे घेण्यास अनुमती दिली. बार्कने ऑक्टोबर २०२० पासून वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक आकडेवारी स्थगित केली होती. ती मार्च २०२२ मध्ये, चार आठवड्यांच्या सरासरीच्या स्वरूपात, पुन्हा सुरू झाली.

जुने भाग पाहिलेला आठवडा

रोज नवा भाग देण्याच्या व्यवस्थेची किंमत कोण मोजते, हे ऑगस्ट २०१८ मध्ये दिसून आले. वेळेवर मानधन मिळावे आणि कामाचे तास निश्चित असावेत, या मागण्यांवरून कलाकारांची संघटना आणि निर्माते यांच्यात मतभेद झाले आणि टॉलीगंजमधील बंगाली मालिकांचे चित्रीकरण थांबले. दैनंदिन मालिकांचे फारच थोडे भाग आगाऊ तयार असतात. परिणामी काही दिवसांतच वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या मध्यस्थीनंतर २३ ऑगस्ट रोजी तोडगा निघाला आणि चित्रीकरण पुन्हा सुरू झाले.

त्या दिवसांत एरवी अदृश्य असणारी साखळी प्रेक्षकांना दिसली. रात्री दाखविला जाणारा बावीस मिनिटांचा भाग लेखक, कलाकार, तंत्रज्ञ आणि संकलक यांच्या दीर्घ पाळ्यांतून तयार होतो. मूल्यांकन घसरले की त्याच रात्री कथानक बदलण्याच्या सूचना येतात आणि दुसऱ्या दिवशीची पाळी अधिक लांबते. अपेक्षित आकडा न मिळाल्यास काही मालिका तीन-चार महिन्यांतच बंद केल्या जातात. प्रेक्षकाने कथेशी ओळख करून घेण्यापूर्वीच ती संपलेली असते. मार्च २०२० मध्ये कोरोना महामारीमुळे चित्रीकरण पुन्हा थांबले. जून २०२० मध्ये ते निर्बंधांसह सुरू झाले.

कोलकात्याहून महाराष्ट्रात

एका भाषेत यशस्वी ठरलेली कथा अन्य भाषांत नेणे, हा मूल्यांकनाच्या व्यवस्थेचा स्वाभाविक परिणाम होय. स्टार जलसावर जून २०१९ मध्ये ‘श्रीमोयी’ ही मालिका सुरू झाली. लीना गंगोपाध्याय यांच्या या कथेची नायिका घरासाठी आयुष्य वेचलेली, परंतु घरातच उपेक्षित राहिलेली मध्यमवयीन गृहिणी होती. ही भूमिका ‘तेरो पार्बोन’मधून पुढे आलेल्या इंद्राणी हलदार यांनी केली. याच कथेवर आधारित ‘आई कुठे काय करते’ ही मराठी मालिका स्टार प्रवाहवर २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली. तीत मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची प्रमुख भूमिका होती. हिंदीत ‘अनुपमा’ जुलै २०२० मध्ये आली आणि रूपाली गांगुली घराघरांत पोहोचल्या. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या मराठी मालिकेचे मूळही स्टार जलसावरील ‘के आपोन के पोर’ या मालिकेत आहे.

‘आई कुठे काय करते’चा पुढील प्रवास वेळापत्रकाच्या दृष्टीनेही बोलका आहे. सायंकाळी साडेसातच्या वेळेत कित्येक वर्षे आघाडीवर राहिलेली ही मालिका २०२४ साली दुपारी हलविण्यात आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने निरोप घेतला. सायंकाळची वेळ नव्या मालिकेस मिळाली. कोलकात्यातील असो वा मुंबईतील, कोणत्याही मालिकेची सायंकाळवरील मालकी कायमची नसते.

सीमेपलीकडील न मोजलेला प्रेक्षक

बंगाली वाहिन्यांचा एक मोठा प्रेक्षकवर्ग कोणत्याही भारतीय कोष्टकात येत नाही. तो बांगलादेशात आहे. स्टार जलसावरील ‘बोझेना शे बोझेना’ या मालिकेतील पाखी या नायिकेच्या नावाने विकला जाणारा पोशाख २०१४ च्या ईदला बांगलादेशात अत्यंत लोकप्रिय ठरला. त्याच वर्षी स्टार जलसा, झी बांगला आणि स्टार प्लस या वाहिन्यांवर बंदी घालावी, या मागणीसाठी ढाका येथील उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. ती २०१७ साली फेटाळण्यात आली. कोलकात्यात लिहिल्या जाणाऱ्या कथेचा प्रभाव ढाक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचत होता. त्या प्रेक्षकाच्या पसंतीला गुरुवारच्या आकड्यांत मात्र स्थान नव्हते.

मोबाइल संचावर आपल्या सोयीने मालिका पाहणाऱ्या प्रेक्षकांमुळे आता हाच प्रश्न देशांतर्गतही उभा राहिला आहे. रात्री आठची मालिका दुसऱ्या दिवशी लोकलगाडीत पाहणारी नोकरदार स्त्री त्या मालिकेची निष्ठावान प्रेक्षक असते. घरातील संचाला जोडलेल्या यंत्राला तिची वार्ता नसते. गोल्फ ग्रीनच्या केंद्राकडे कधीकाळी आलेल्या पत्रांवर प्रेषकाचे नाव आणि गाव लिहिलेले असे. आजच्या कोष्टकात नाव आणि गाव नाही, केवळ टक्केवारी आहे. आणि ज्या घरात यंत्र नाही त्या घराच्या वतीने दूर कोठेतरी असलेले, कोणासही माहीत नसलेले दुसरे एक घर दर आठवड्यास मत देत असते.